बडोद्यास काय खावे?

सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण ज्याला लाभले तो भाग्यवान, अशी गुजरातेत एक जुनी म्हण आहे. बडोद्यावर अशी म्हण कोणी रचली नाही. दक्षिणेस सुरत, उत्तरेस अहमदाबाद, आणि मध्ये आम्ही. दोन बोलक्या भावांच्या मधला अबोल भाऊ असावा तसे. तरी पुण्या-मुंबईहून येणारा प्रत्येक पाहुणा लक्ष्मी विलास राजवाडा आणि कमाटी बाग पाहून झाली की दमून पंख्याखाली बसतो आणि हाच प्रश्न विचारतो, ‘‘तुमच्या बडोद्यास खावे काय?’’

या प्रश्नाचे उत्तर आम्ही एका जुन्या डायरीच्या पानावर कायमचे लिहून ठेवले आहे. सकाळी पुरी-भाजी, दुपारी लीलो चिवडा आणि भाखरवडी, थंडीचे दिवस असल्यास पोंक, दिवेलागणीस सेव-उसळ, आणि परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी पेढे. पाहुण्याची प्रकृती, वय आणि मुक्काम पाहून आम्ही त्यात काटछाट करतो. आजवर किती आप्तेष्टांना या यादीप्रमाणे हिंडविले, त्याचा हिशेब आम्हांपाशी नाही. परंतु गेल्या पौषात या यादीची जी परीक्षा झाली, तशी पूर्वी कधी झाली नव्हती. कारण त्या खेपेस पाहुणी म्हणून आली होती ती प्रत्यक्ष आमची ताई. जिचा जन्म दांडिया बाजारातला, आणि जी गेली बारा वर्षे आमच्या घरी पाण्याचा घोटही घेण्यास आली नव्हती.

या बारा वर्षांचे कारण पुढे येईलच. ताई आली ती वाड्याच्या कागदपत्रांसाठी. दांडिया बाजारातील आमचा वाडा आजोबांनी बांधलेला. आम्ही स्वतः तो सोडून शहराबाहेर तीन खोल्यांच्या सदनिकेत राहावयास गेलो, त्यालाही दहा वर्षे होऊन गेली. वाडा ओस पडला, कौले उतरली. शेवटी एका सज्जन गुजराती कुटुंबाशी व्यवहार ठरला. सह्या दोघांच्याही हव्या होत्या. ताई आदल्या रात्री आली, हॉटेलात उतरली, आणि सकाळी दहा वाजता ठरल्याप्रमाणे नोंदणीसाठी हजर झाली. आमच्या सौभाग्यवतीने विचारपूस केली, तिने ‘‘बरी आहे’’ म्हटले. आमच्याशी ती ‘‘कागद आणलेस का?’’ एवढेच बोलली.

कागद आम्ही आणले होते. पण एका दस्तऐवजात आप्पांच्या नावातील एक अक्षर चुकले होते. दुरुस्ती होऊन नोंदणी दुसऱ्या दिवशी होईल, असे सांगण्यात आले. आम्ही बाहेर येऊन पायरीवर उभे राहिलो. सौभाग्यवती घरच्या कामासाठी निघून गेली. पंचाहत्तरीची ताई आणि बहात्तरीचे आम्ही, अखंड दिवस समोर, आणि बोलण्यास एक विषय नाही. बऱ्याच वेळाने ताई म्हणाली, ‘‘सकाळपासून पोटात काही नाही. कॅनरा आहे का अजून?’’

आहे, असे आम्ही म्हणालो. आणि त्या दिवशी आमची यादी सुरू झाली.

दांडिया बाजारातील कॅनरा कॉफी हाऊस हे बडोद्याच्या जुन्या उपाहारगृहांपैकी एक. कॅनरा हे दक्षिणेकडील कानडी किनाऱ्याचे इंग्रजी अमदानीतले नाव. गुजराती शहरात, मराठी वस्तीच्या बाजारपेठेत, कानडी किनाऱ्याच्या नावाची पाटी. आणि आत गिऱ्हाईक मागते ते पुरी-भाजी नाही तर ‘पुना मिसळ’! बाहेरगावच्या माणसास याची गंमत वाटते. बडोदेकरास त्यात नवल वाटत नाही. हे शहरच तसे. १७३४ साली ते गायकवाडांच्या हाती आले. त्यांच्यामागे सरदार आले, शिलेदार आले, कारकून, पुरोहित, गवई आणि आचारी आले. राज्यकर्ते मराठी, पण दरबाराचा लेखी कारभार मोठ्या अंशी गुजरातीत. सयाजीराव महाराजांनी १९३१ साली राज्यकारभारातील शब्दांचा आठ भाषांचा ‘शासन शब्दकल्पतरु’ प्रसिद्ध करविला, तो याच दुभाषी नव्हे बहुभाषी संसाराच्या गरजेतून. ज्या गावी एका शब्दाला आठ प्रतिशब्द चालतात, तेथे एका ताटात तीन प्रांत बसले तर बिघडले कोठे?

आमच्या लहानपणी मात्र ‘हाटेल’ हा शब्द घरात उच्चारण्याची सोय नव्हती. आप्पा आधी संस्थानच्या नोकरीत होते. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर त्यांची टोपी तीच राहिली, मालक बदलले. पुन्हा १९६० साली गुजरात राज्य झाले तेव्हा आणखी एकदा. परंतु तीनही राजवटींत त्यांचे एक मत कायम होते : घरी चूल पेटती असताना बाहेर खाणे म्हणजे घरच्या लक्ष्मीचा अपमान. याला वर्षातून एकच अपवाद. वार्षिक परीक्षेचा निकाल लागला, आणि तो चांगला लागला, की ते आम्हां दोघांना पुरी-भाजी खावयास नेत. स्वतः खात नसत. समोर बसून फक्त कॉफी घेत, आणि आम्ही पुरी फोडून तिची वाफ बाहेर पडताना पाहिली की त्यांच्या चेहऱ्यावर निकालाच्या कागदापेक्षाही जास्त समाधान दिसे.

पुऱ्या आल्या. ताईने पहिली पुरी बोटाने फोडली, वाफ बघितली, आणि समोरच्या मोकळ्या खुर्चीकडे एकवार पाहिले. आम्हीही पाहिले. दोघांपैकी कोणी काही बोलले नाही. पण कॉफी तिने आप्पांसारखी बशीत ओतून घेतली, हे आमच्या नजरेतून सुटले नाही.

तेथून जगदीशचे दुकान. पाहुण्यांच्या पिशव्या येथे भरतात. बडोद्याची खरी ओळख कोणती असे विचाराल तर राजवाड्याच्या खालोखाल आम्ही लीलो चिवड्याचे नाव घेऊ. ‘लीलो’ म्हणजे हिरवा, ओला. महाराष्ट्रातला चिवडा कुरकुरीत असावा लागतो, मऊ पडला की त्याची रवानगी मोलकरणीकडे होते; आणि हा चिवडा तर मऊ हवा! तळलेला बटाट्याचा कीस, भिजवून तळलेली हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची, हळद, तीळ, मनुका, आणि वर साखरेचा हात. पहिल्या घासास पुणेकर तोंड वाकडे करतो, दुसऱ्यास थांबतो, आणि तिसऱ्यास ‘‘अर्धा किलो बांधा’’ म्हणतो, असा आमचा अनुभव आहे. भाखरवडीच्या बाबतीत मात्र समेट होत नाही. पुण्यात चितळ्यांनी ती घरोघर पोहोचविली हे कोणीही मान्य करील. परंतु ती मुळात आमच्याकडली, असे बडोदेकर छातीवर हात ठेवून सांगतो. पुढे बोलणे वाढले तर वडीलधाऱ्यांनी विषय बदलावा.

ताई गेली पन्नासांहून अधिक वर्षे पुण्यास. १९७२ साली लग्न होऊन गेली, तेव्हा तिच्या सासरी तिच्या बोलण्याची फार थट्टा झाली होती. ‘लारी’ हा शब्द तर तिथल्या मंडळींनी वर्षभर पुरवून खाल्ला. आम्ही बडोदेकर हातगाडीस लारी म्हणतो. ‘‘आम्ही लारीवर खायचो’’ असे ही सहज बोलून गेली, आणि सासरच्यांना वाटले की सून बालपणी मालट्रकवर चढून जेवत असे! ही गोष्ट तिने दुकानाच्या दारात आपणहून सांगितली, आणि आम्ही हसलो. बारा वर्षांत प्रथम एकाच वेळी हसलो.

खंडेराव मार्केटच्या बाजूने जाताना पोंक दिसला. १९०६ साली उभ्या राहिलेल्या त्या देखण्या इमारतीत आता महानगरपालिकेचा कारभार चालतो. पण आसपास भाजी आणि फुलांचा बाजार आहेच. पोंक म्हणजे आपला हुरडा. ज्वारीचे कोवळे, भाजलेले दाणे, त्यावर लिंबू-मिऱ्याची शेव. देशावरचा माणूस हुरडा शेतात, आगटीभोवती बसून खातो. गुजराती माणसाने तो शहरात आणला, त्याला शेवेची जोड दिली आणि कागदात बांधून हाती ठेवला. दोन महिने मिळतो, मग नाही. ताईने एक पुडी घेतली, ती हातात धरूनच आम्ही वाड्यापर्यंत चालत गेलो.

वाड्याविषयी फार लिहीत नाही. ज्यांनी रिकामे घर पाहिले आहे त्यांना सांगावयास नको, आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांना सांगून कळणार नाही. स्वयंपाकघरात चुलीमागची भिंत अजून काळी होती. पाटा जागेवर होता; वरवंटा कोणी नेला होता. माळ्यावर एका पत्र्याच्या डब्यात आईच्या वाणसामानाच्या वह्या निघाल्या. महिन्याचा किराणा, दूधवाला, धोबी, पोस्टाची तिकिटे. ताईने त्या पदराने पुसल्या आणि काही न विचारता आपल्या पिशवीत घातल्या.

संध्याकाळी राजमहाल रोडने कीर्तिस्तंभाकडे गेलो. महाकाळी सेव-उसळ हे नाव ज्याने ऐकले नाही तो बडोद्यास आलाच नाही, असे येथील तरुण म्हणतात, आणि यात तरी आमचे त्यांच्याशी दुमत नाही. दिवेलागणीस तेथे जी गर्दी असते तिच्यात गुजराती, मराठी, सिंधी, मारवाडी, विद्यापीठात शिकणारी परप्रांतीय मुले असे सारे शहर खांद्याला खांदा लावून उभे असते.

पदार्थ म्हटला तर साधा. वाळल्या वाटाण्याची पातळ उसळ, त्यावर जाड शेव, कांद्याची पात, लिंबू, सोबत पाव. पण त्याचा प्राण आहे तरी. तांबडी, तेलाने चकाकणारी, जिभेला आधी चटका देऊन मग चव सांगणारी. ती आपल्या हिंमतीप्रमाणे घ्यावी. या एका बशीत किती जणांचे येणेजाणे आहे, याचा विचार आम्ही पुष्कळदा केला आहे. उसळ हा शब्द मराठी स्वयंपाकघरातला. शेव गुजरातची आवडती. पाव आणि मिरची या दोन्ही वस्तू पोर्तुगिजांच्या गलबतांतून हिंदुस्थानात आलेल्या. आणि वाळला वाटाणा तर अलीकडच्या काळात कॅनडा आणि रशियाकडूनही आपल्या देशात येत राहिला आहे. म्हणजे ताईचा नातू शिकण्यासाठी बडोद्याच्या वाटाण्याच्या माहेरी गेला आहे, असे आम्ही म्हणालो. ती हसली, पहिला घास घेतला, डोळ्यांत पाणी आले ते पुसले आणि म्हणाली, ‘‘ही खरी. आईची अशीच असायची. जाळ.’’

आम्ही म्हणालो, ‘‘ताई, आईची उसळ तिखट नव्हती. गोडसर होती. गूळ असायचा तिच्यात.’’

‘‘गूळ? आईच्या उसळीत? काहीतरीच काय! चिमूटभर, चवीपुरता. तिची उसळ खाऊन आप्पांच्या कपाळावर घाम यायचा.’’

‘‘चांगला लिंबाएवढा खडा टाकताना मी पाहिलाय. वर्षानुवर्षं पाहिलाय.’’

‘‘तू गुजराती झालास, म्हणून तुला आईसुद्धा गुजराती आठवते.’’

‘‘आणि तू पुणेकर झालीस, म्हणून तुला ती कोल्हापूरची आठवते!’’

वाचकहो, सत्तरी ओलांडलेली दोन माणसे, हातात बशा, भर रस्त्यात आईच्या उसळीवरून भांडत होती. शेजारच्या एका तरुणाने अदबीने बाजूला सरकून आम्हांस अधिक जागा करून दिली. भांडण उसळीवरून होते, पण उसळीचे नव्हते, हे दोघांनाही समजत होते. शेवटी ताई म्हणाली, ‘‘माझी आई मला माहीत आहे.’’ त्यावर उत्तर नव्हते. कारण बारा वर्षांपूर्वी याच वाक्यावर आमचे बोलणे थांबले होते.

२०१३ सालच्या मार्गशीर्षात आईला रुग्णालयात ठेवावे लागले. तिने आमचा हात धरून सांगितले की ताईला इतक्यात कळवू नकोस, तिच्याकडे मुंज आहे, जिवाला घोर लागेल. आम्ही तीन दिवस कळविले नाही. चौथ्या दिवशी पहाटे आई गेली. ताई पोहोचली तेव्हा सर्व आटोपले होते. तेव्हापासून आम्ही प्रत्येकास हेच सांगत आलो की आईनेच तसे सांगितले होते. ते खरेही होते. परंतु खरे सांगणे आणि योग्य वागणे यांत अंतर असते, ते आम्ही कधी मोजले नाही.

गर्दीमुळे रिक्षा मिळेना. सौभाग्यवतीचा दूरध्वनी आला, की वन्संना हॉटेलात सोडू नका, घरी आणा, अंथरूण घातले आहे. ताई काही न बोलता आली.

रात्री झोप कोणालाच नव्हती. ताईने पिशवीतून आईच्या वह्या काढल्या आणि दिव्याखाली बसून एकेक पान उलटू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘बाळ, इकडे ये.’’ एका हाताखाली १९७१ सालची वही होती. आईचे मोकळे, टपोरे अक्षर. महिन्याचे सामान : लाल मिरची १ किलो, गूळ अर्धा किलो. दुसऱ्या हाताखाली १९८० सालची वही : लाल मिरची पाव किलो, गूळ २ किलो.

म्हणजे ताईची उसळ खरी, आणि आमचीही खरी. १९७२ साली सासरी गेलेल्या मुलीच्या जिभेवर जी आई राहिली ती जाळ करणारी; आणि पुढे तीसचाळीस वर्षे तिच्याजवळ राहिलेल्या मुलाला आठवते ती गुळाचा खडा टाकणारी. ताई म्हणाली, ‘‘पण का बदलली रे?’’

आम्ही मधली वही पुढे ओढली. १९७९ च्या श्रावणाचे पान. त्यावर किराण्याखाली लिहिले होते : डॉक्टर, औषध, क्ष-किरण, पुन्हा डॉक्टर, दूध रोज १ लिटर जादा. आप्पांच्या पोटात व्रण झाला होता. रक्ताची उलटी झाली होती. डॉक्टरांनी तिखट पूर्ण बंद करविले. तिखटावाचून घास न उतरणाऱ्या माणसास अळणी कसे घालावे, या विवंचनेत आई असता समोरच्या घरच्या बांनी तिला गुजराती पद्धतीचे गूळ-आमसुलाचे गणित शिकविले. त्या बा रोज दुपारी येऊन बसत. आईला गुजराती फारसे येत नसे आणि त्यांना मराठी. पण उसळ जमली. आप्पा आणखी पंधरा वर्षे जगले ते त्या गुळावर, असे आई म्हणे.

ताईने ते पान बराच वेळ धरून ठेवले. मग म्हणाली, ‘‘त्या श्रावणात मी मंगळागौरीचं पत्र पाठवलं होतं. आईचं उत्तर आलं, सर्व खुशाल. माझ्यापाशी आहे ते पत्र अजून.’’ वहीच्या त्याच पानावर, सर्वांत शेवटी, लिहिले होते : पोस्ट, ताईस पत्र.

लग्न होऊन दूर गेलेल्या मुलीस वाईट बातमी कळवावयाची नाही, ही आमच्या घराची रीत होती. बहुधा आपल्यापैकी पुष्कळ घरांची असेल. त्यात माया असते यात शंका नाही. परंतु जिच्यापासून दुःख लपविले जाते, तिला एक दिवस कळते की आपण त्या घरच्या नसून त्या घरी येणाऱ्या पाहुण्या आहोत. आईने १९७९ साली लपविले ते मायेने. आम्ही २०१३ साली लपविले, ते आईच्या मायेच्या आड उभे राहून. फरक एवढाच की आम्हांस विचार करण्याची सवड होती.

आम्ही म्हणालो, ‘‘ताई, आईनं काहीही सांगितलं असतं, तरी मी तुला कळवायला हवं होतं.’’

ती काही बोलली नाही. वह्या एकावर एक ठेवल्या, दिवा मालवला. अंधारात थोड्या वेळाने तिचा आवाज आला, ‘‘पण १९७२ पर्यंत गूळ नव्हता, हे मान्य कर.’’

आम्ही मान्य केले.

दुसऱ्या दिवशी नोंदणी झाली. अंगठे उमटले, छायाचित्रे निघाली, अर्ध्या तासात आजोबांचा वाडा परक्याचा झाला. घेणाऱ्यांच्या वृद्ध मातोश्री मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी एका लहान वाटीतून आम्हां दोघांच्या तळहातावर गोळधाणा ठेवला. गूळ आणि धणे. गुजराती घरांत शुभकार्याच्या वेळी देतात. विकणाऱ्याचे शुभ कशात, असा प्रश्न एरवी ताईने खास विचारला असता. तिने तो तोंडात टाकला, आणि वाकून त्यांना नमस्कार केला.

स्टेशनाकडे जाताना रावपुऱ्यात दुलीरामांकडे थांबलो. हे पेढे केशरी किंवा पांढरे नसतात. खवा परतून परतून तांबूस झालेला, खमंग, किंचित रवाळ; वर साखर. घाईने करता येत नाहीत आणि घाईने खाऊही नयेत. ताईने दोन खोकी घेतली. एक पुण्याचे, आणि दुसरे आमच्या हाती देत म्हणाली, ‘‘वाड्याशेजारच्यांना वाट. वाडा विकल्याचे म्हणून नको. ताई येऊन गेली म्हणून सांग.’’

गाडी हलल्यावर आम्ही फलाटावर उभे राहून विचार करीत होतो. बडोद्याच्या मराठी मंडळींत एक चिंता नेहमी बोलली जाते. नातवंडे गुजराती शाळांत आणि आता इंग्रजी शाळांत जातात. २०१८ साली येथे ९१ वे साहित्य संमेलन भरले तेव्हाही मांडवात हीच चर्चा कानी पडे, की आपले म्हणून पुढे काय उरणार? आम्हीही त्यात हिरिरीने भाग घेतला आहे. आता वाटते, आपली ती उसळ कोणती? १९७१ ची की १९८० ची? जी मिरचीने लाल होती ती मराठी, आणि समोरच्या बांच्या हातचा गूळ पडला म्हणून जिने आप्पांना पंधरा वर्षे दिली ती परकी, असे आम्हांस म्हणवत नाही. रस्त्यावर गेलेली उसळ शेव लेवून साऱ्या शहराची झाली. तिला आमच्या काळजीची गरज नाही. काळजी करावयाची ती घरातल्या उसळीची. ती टिकते कोणीतरी कोणासाठी तरी केल्याने, आणि कोणासाठी कशी केली हे घरच्या सर्वांना मोकळेपणे सांगितल्याने.

आमच्या डायरीतील यादीत आता एक कलम वाढले आहे. पुरी-भाजी, लीलो चिवडा, भाखरवडी, पोंक, सेव-उसळ, पेढे. आणि सातवे, आमच्या घरी मटकीची उसळ, दोन पातेल्यांत. एक ताईच्या वेळची, एक आमच्या वेळची. प्रमाण वह्यांत पाहून सौभाग्यवतीने बसविले आहे. मे महिन्यात ताई नातवंडांसह येणार आहे, आणि या वेळी हॉटेलात उतरणार नाही. वाचकांपैकी कोणी बडोद्यास आले, तर त्यांनीही अवश्य यावे. दोन्ही चाखावीत. मात्र आईची कोणती, असे आम्हांस विचारू नये.